राखणदाराचा वाटा

सकाळचे ऊन त्या खोलीत यायला कधी घाई करीत नसे. आधी ते समोरच्या पत्र्याच्या छपरावर रेंगाळे, तिथले दव विरेपर्यंत. मग रस्ता ओलांडून खिडकीशी येई आणि गजांच्या सावल्या बरोबर घेऊनच आत शिरे. आत आल्यावर ते प्रथम छताखालच्या भिंतीला टेकत असे. तिथून सावकाश, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखे, वीत वीत खाली येई. वाटेत पुराची तपकिरी रेघ लागे. दोनदा चुना देऊनही ती भिंतीतून पुन्हा वर आली होती, आणि ऊन तिच्यावर पडले की क्षणभर ओली असल्यासारखी भासे. तिच्याखाली फळीवर बरण्या होत्या. बरण्यांत फॉर्मॅलिन, आणि फॉर्मॅलिनमध्ये मांसाचे राखी तुकडे. ऊन त्यांच्यातून आरपार जाई, त्यांना थोडा वेळ मधाचा रंग देई आणि पुढे सरके. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. महाडातल्या प्रत्येक खिडकीतून त्या वेळी असेच ऊन आत येत असणार. तरी स्वराज रोज ते पाहत असे, आणि ते टेबलापर्यंत पोहोचले की कुणाचा तरी निरोप मिळाल्यासारखा कामाला लागत असे.

आज त्याला त्या उजेडाची गरजच होती. वीज पहाटेपासून गेली होती आणि नव्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा विजेवर चाले. त्याने कपाटातला जुना काढला. त्याच्या पायाशी एक गोल आरसा होता. स्वराजने तो खिडकीकडे न वळवता भिंतीकडे वळवला. थेट ऊन डोळ्याला चावते. भिंतीवरून परतलेले ऊन निवलेले असते.

जनावरांच्या दवाखान्यामागच्या या दोन खोल्यांत विद्यापीठाची एक योजना चाले. खाटकांकडून आणि मेलेल्या जनावरांतून मांसाचे तुकडे यायचे. ते मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, काचपट्टीवर घेऊन रंगवायचे आणि डॉक्टर प्रियदर्शिनी यांच्यापुढे ठेवायचे, एवढे स्वराजचे काम. काय दिसते ते सांगणे त्याचे काम नव्हते. पण आज समोर ठेवलेल्या काचपट्टीवर त्याने गावाचे नाव लिहिले नव्हते, आणि ती कुणापुढे ठेवण्याआधी त्याला एकट्याने पाहायची होती.

गुलाबी धागे ओळीने पडलेले दिसले, हे मांस. त्यातल्या एका धाग्याच्या पोटात, भाताच्या दाण्यासारखे लांबट आणि जांभळे काहीतरी निजलेले होते. मांसात परजीवी जंतूंनी बांधलेली ती पुटी. स्वराजने मोठे भिंग फिरवून आणले. पुटीची भिंत जाड होती आणि तिच्यात बारीक उभ्या रेघा होत्या, एकीला एक लागून. ही भिंत पाहिली की त्याला नेहमी घरचा कुड आठवे: कारव्या उभ्या रोवून वर शेणमाती लिंपलेला. आत पातळ पडदे होते, पडद्यांनी पाडलेल्या खोल्या होत्या, आणि खोल्यांत चंद्रकोरीसारखे वाकलेले जंतू दाटीवाटीने भरले होते. मधल्या खोल्या मात्र रिकाम्या झाल्या होत्या. जुन्या पुटीचे असेच होते. कडेला, कुडालगत, जीव राहतो. मध्ये नुसता चुरा.

आणि भोवतीचे मांस शांत होते. कुठे सूज नव्हती, कुठे लाली नव्हती. आपल्यात कुणी घर बांधून राहिले आहे, याची त्याला खबरच नसावी. स्वराजला रोगापेक्षा या शांततेचे भय वाटे.

"कुणाची शेळी?" डॉक्टर प्रियदर्शिनी कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते त्याला कळले नव्हते.

"घरची, मॅडम."

त्या बसल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. "गाभ टाकतायत?"

"यंदा चौघींनी टाकला. ही कबरी. गेल्या रविवारी मेली. नुसती वाळत गेली."

"कुत्रा आहे?"

"आहे."

"त्याला कच्चं मांस देता?"

स्वराज फळीवरच्या बरण्यांकडे पाहू लागला. डॉक्टरांना उत्तर मिळाले.

"मग तिथंच फिरतंय हे," त्या म्हणाल्या. "शेळीच्या मांसातून कुत्र्यात, कुत्र्याच्या विष्ठेतून गवतात, गवतातून पुन्हा शेळीत. कुत्र्याला त्याचं काही होत नाही. माणसांनाही नाही. पुटीवर औषध नाही, पण कुत्र्याला जे द्यायचं ते उकळून द्या, मेलेलं जनावर पुरून टाका. म्हाताऱ्या शेळ्या आहेत तशाच राहतील. नवी करडं स्वच्छ निघतील. पाचसहा वर्षांत कळप बदललेला असेल. कुणीतरी चिकाटीनं लक्ष ठेवायला हवं, इतकंच."

"हो, मॅडम."

"आणि पुण्याचं? योजना मेमध्ये संपते. तिथल्या प्रयोगशाळेसाठी तुझं नाव मी दिलंय. त्यांना हो किंवा नाही कळवायला हवं."

"घरी विचारून सांगतो."

"दिवाळीतही हेच म्हणाला होतास," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता.

घरी त्याने विचारले नव्हते. घरी तो वेगळेच सांगत आला होता: योजना संपली की मी वर येतो. महाडात, चवदार तळ्यामागच्या भाड्याच्या खोलीत, त्याला पुणे खरे वाटे. डोंगरावरच्या घरच्या वाडीवर गेले की शेरडे खरी वाटत. दोन्ही वाक्ये त्याने इतकी जपून वेगळी ठेवली होती की एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत कधी गेला नाही.

दुपारी तो पोलादपूरला उतरला. कशेडीच्या बोगद्याने वाहतूक वळवल्यापासून नाक्यावरच्या चहाच्या टपऱ्या ओस पडल्या होत्या. कापड्याकडे जाणारी जीप भरायला वेळ लागला. कापड्यात भाताच्या वावरांत नुसते वाळके खुंट उरले होते, आणि रस्त्याकडेच्या घराच्या ओट्यावर गोमाजी पान जुळवीत बसला होता. आजूबाजूच्या वाड्यांतली शेरडे विकत घेऊन महाडच्या बाजारात नेण्याचा त्याचा धंदा.

"काय रे स्वराज, राखनीला ना?"

"व्हय, काका."

"तुज्या बाला सांग, किती दिस धरून बसनार हायस. मी येकदम सगली उचलतो, भाव पन बरा देतो. वाडीतल्या बाकीच्यांनी दिली. ह्यो म्हनतो, पोरगा येनार हाय, त्याच्या हवाली करायचीत." गोमाजीने पानाला चुना लावला. "कवा येनार हायस?"

"योजना संपली की."

"कंची रे ती योजना, संपतच नाय ती? आमच्या हायवेसारकी!" गोमाजी स्वतःच्याच बोलण्यावर खुशीत हसला. स्वराजही हसला आणि चढणीला लागला.

वर पोहोचला तेव्हा उन्हे कलली होती. वाडीच्या मधली घरे बंद होती. कुणी मुंबईला, कुणी खाली रस्त्याला. एका घराचा कुड आत पडला होता आणि कारव्यांच्या फटींतून चूल दिसत होती. चूल चालू होती ती कडेच्या घरांतून. स्वराज तिथे थबकला आणि मग उगाच भरभर चालू लागला.

माघातली राखण वाडीच्या वेशीवर, ऐनाच्या झाडाखालच्या शेंदरी दगडापाशी देत. रानातून येणाऱ्या वाघरापासून जो वाडी राखतो, त्याला वर्षातून एकदा बोकड. घराघराची पाळी असे. यंदाची नाथूची, म्हणजे स्वराजच्या बापाची. नारळ फुटला, गाऱ्हाणे घालून झाले. नाथूने बोकड सोलला, आणि वाटे पडण्याआधी, रिवाजाप्रमाणे, गळ्याकडचे नळकांडे आणि काळजाचा तुकडा वेगळा काढून पळसाच्या पानावर ठेवला. हा वाटा कुत्र्याचा. दगडातला राखणदार एक आणि चार पायांचा दुसरा. दोघांचे झाल्याशिवाय माणसांनी हात लावायचा नाही.

नाथूचा कुत्रा भुऱ्या ऐनाखाली बसला होता. तो पुढे आला नाही. त्याला ठाऊक होते, हाक येईल.

नाथू पान घेऊन उठला. उठताना त्याने गुडघ्यावर हात रोवला आणि थोडा वेळ तसाच वाकून राहिला.

"बा," स्वराज म्हणाला, "कच्चं नको देऊ त्याला."

नाथूने पाहिले.

"कबरीच्या मांसात होतं ते मी बगितलं. ह्या बोकडातपन असंल. ते कुत्र्याच्या पोटातून परत बकऱ्यांत जातं. गाभ टाकतात त्या त्येच्यानंच. उकळून दिलं तर मरतं."

सगळी स्वराजकडे पाहू लागली. मग शेजारची चंद्राबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगो बाय! म्हाडचा डाक्तर आला गो, कुत्र्याला जेवाय वाढाय! जने, पाट मांड गो, रांगोली घाल!"

हशा पिकला. स्वराजची आई जनी हसली नाही, पण तिचे ओठ हलले. "मीठ किती घालू म्हनावं? हलद चालंल का?"

"काकी, हसू नका. खरं हाय."

"खरं असंल रे बाबा," चंद्राबाई म्हणाली, "पन उकडल्यालं खाल्ल्याला कुत्रा चुलीकडं तोंड करून निजतो. रानाकडं नाय. आमच्या सासऱ्यानं पेज घालून घालून येक कुत्रा चुलीचा केला, त्या साली वाघरानं तीन बकऱ्या उचलल्या. मी डोल्यांनी बगितलंय."

बाकीच्यांनी माना हलवल्या. हे वाडीत सर्वांना ठाऊक होते, स्वराजलाही. लहानपणी भुऱ्याच्या आधीच्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा दिला म्हणून त्याने आजीचा मार खाल्ला होता. राखणीच्या कुत्र्याला शिजलेल्या अन्नाची चव लावायची नाही. तो आधी घराचा होतो आणि मग कशाचाच राहत नाही.

नाथू पान हातात घेऊन उभा होता. एका बाजूला कुत्रा, एका बाजूला मुलगा. पानातून रक्ताचा एक थेंब त्याच्या पायावर पडला. स्वराजला वाटले, आता तो काही न बोलता पान खाली ठेवील, आणि आपण त्याला काहीच म्हणू शकणार नाही.

"जने," नाथू म्हणाला, "टोप चढव."

"अवो..."

"चढव म्हनतो ना. पोराच्या शिक्षानाचं येवडं तरी होऊ दे."

जनी गेली. माणसांचे वाटे तोवर तसेच पडून राहिले, कारण कुत्र्याचे झाल्याशिवाय उचलायचे नव्हते, आणि त्या संध्याकाळी सगळी वाडी एका कुत्र्याचे जेवण शिजण्याची वाट पाहत ऐनाखाली बसून राहिली. चंद्राबाई मधूनमधून "शिट्टी झाली का गो?" म्हणून ओरडत होती. जनीने टोप आणला तेव्हा भुऱ्याने तो हुंगला, नाथूकडे पाहिले, पुन्हा हुंगला. त्याच्या तोंडावर असा अविश्वास होता की लोक पुन्हा हसले. मग त्याने खाल्ले.

दिवेलागणीला बापलेक चुलीपाशी बसले. जनी भाकऱ्या थापत होती. बाहेर गोठ्यात शेरडांची खुरे वाजत होती.

"काय बगितलंस तू?" नाथूने विचारले. "मला कलंल असं सांग."

स्वराजने हाताने दाखवले. "मांसाचा येक धागा असतो, क्येसाहून बारीक. त्येच्या आत घर बांधल्यालं असतं. आपल्या कुडासारका कुड, उभ्या कारव्यांचा. आत खोल्या."

"खोल्या?"

"व्हय. आनि खोल्यांत ते जंतू. बरीच वर्सं ऱ्हातात. मग मधल्या खोल्या मोकल्या व्हतात. कडंकडंला ऱ्हातात थोडं."

नाथूने चुलीत लाकूड सरकवले. "म्हंजी तितंबी वाडीच हाय."

स्वराजने बाहेर सांडलेला निखारा चुलीत ढकलला.

"आनि मांसाला दुखत नाय?"

"शिरताना त्रास देतात, रक्तात असताना. तवाच गाभ टाकते. येकदा घर बांधलं की मग नाय. बाजूचं मांस जसंच्या तसं. त्येला कलतच नाय."

"कलत असंल," नाथू म्हणाला. "सांगत नसंल."

जनीची थापटी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"मग आता?" थोड्या वेळाने नाथूने विचारले.

स्वराजने सांगितले. उकळून द्यायचे, मेलेले पुरायचे, नव्या करडांना जपायचे. पाचसहा वर्षांत सगळा कळप नवा झालेला असेल. सांगताना त्याला स्वतःचा आवाज डॉक्टरांसारखा वाटला, आणि चांगलाही वाटला. जणू ती वर्षे त्याने आधीच पार केली होती.

"पाच-सा वर्सं," नाथू म्हणाला. त्याने गुडघ्यावरून तळवा फिरवला. "रानात बकरू पडलं तर भुऱ्याच्या आदी कुनी तरी पोचाय पायजे. माजं गुडघं आज हायत, उद्या नायत. तुज्या आयसला दिसत नाय नीट. ते तुज्याच्यानंच व्हईल." त्याने वर पाहिले नाही. "मे म्हैन्यात संपतं ना तुजं? मग येनार हायस ना?"

आजवर या प्रश्नाला स्वराज 'येतो' म्हणत आला होता. ते उत्तर तयार होते, जिभेवर होते. त्याने चुलीतल्या जाळाकडे पाहिले.

"बगू," तो म्हणाला.

नाथूने मान हलवली, जणू भाकरी वाढू का असे कुणी विचारले होते. मग त्याने जनीला सांगितले, "त्येला वाढ. उद्या सकालची गाडी हाय त्येची." आणि जेवण होईपर्यंत बोलणे बोकडाच्या मांसाचे, चंद्राबाईच्या मुलाच्या लग्नाचे, खालच्या विहिरीच्या पाण्याचे झाले.

रात्री गारठा पडला. पहाटे स्वराजला जाग आली तेव्हा त्याचे तोंड चुलीकडे होते. निखारे अजून राखेखाली लाल होते. लहानपणी तो दाराशी, बापाच्या पाठीला पाठ लावून निजे. बापाचे अंथरूण दाराशी होते, पण रिकामे होते.

तो बाहेर आला. नाथू गोठ्याच्या अडसरावर हात ठेवून उभा होता. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर ऊन आले होते, खाली दरीत नव्हते. गोठ्याच्या तोंडाशी भुऱ्या बसला होता. पाठ घराकडे, कान उभे, तोंड रानाकडे.

"तो बग," नाथू हळूच म्हणाला. "रात्रभर तसाच. मी दोनदा उटून बगितलं. घराकडं वलून नाय बगितलं त्यानं." त्याच्या आवाजात कौतुक होते. "तुजं खरं व्हतं. येवडी वर्सं आमी उगाच घाबरलो."

स्वराजच्या मनावरचे काहीतरी हलके झाले. "मग जमंल, बा. नवी करडं..."

"जमंल की," नाथू म्हणाला. त्याने अडसर काढला. शेरडे एकमेकांना ढुसण्या देत बाहेर पडली आणि सवयीने चढणीकडे वळली. नाथू ती जाताना पाहत राहिला. टिकली, चांदी, मागून लंगडत येणारी काळी; प्रत्येकीच्या पाठीवरून त्याची नजर हात फिरवल्यासारखी गेली. "जाताना गोमाजीकडं जा. म्हनावं, सोमवारी ये वर. गाभनी आनि करडं वेगली धर म्हनावं, ती खाटकाला द्यायची नायत. कुनी पालनारा बग म्हनावं. आनि ज्यो कोन घेईल त्येला सांग म्हनावं, कुत्र्याला उकलून घाल."

"बा, पन काल तू..."

"काल कुत्र्याचं बोलनं व्हतं."

त्याने काठी उचलली आणि शेरडांमागे चढू लागला. गुडघ्याने चढण घेताना तो प्रत्येक पावलाला थोडा थांबे. भुऱ्या त्याच्या पुढे होता. स्वराजला हाक मारायची होती, 'थांब, मी येतो' म्हणायचे होते. तो घरात गेला आणि पिशवी उचलली. जनीने तिच्यात भाकऱ्या बांधून ठेवल्या होत्या. तिने त्याच्या तोंडावरून बोटे फिरवली आणि एवढेच म्हणाली, "पुन्याला थंडी लय असंल ना रे?"

त्याने तिला पुण्याचे कधीच सांगितले नव्हते.

उतरताना त्याने मागे पाहिले नाही. कापड्यात गोमाजी ओट्यावर दात घाशीत होता. स्वराजने निरोप दिला, जसा सांगितला तसा. गाभण्या वेगळ्या, करडे वेगळी, उकळून घालायचे ते. गोमाजीने दातवण तोंडातून काढले. कालची थट्टा त्याच्या चेहऱ्यावरून गेली होती.

"नाथू असं बोलला? सोमवारी?"

"व्हय."

"मी वर्साचा मागं लागलोय त्येच्या, तवा नाय म्हनाला. तुज्यासाटी राखली व्हती ना ती?" गोमाजी त्याच्याकडे निरखून पाहू लागला. "मग तुजं काय झालं, पोरा?"

रस्त्यावर पोलादपूरची जीप हॉर्न वाजवीत उभी होती. ऊन अजून खाली उतरले नव्हते. ते माथ्यावरच होते, आणि तिथे, बारीक ठिपक्यांसारखी, शेरडे चढत होती. स्वराजने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मी येनार नाय, काका," तो म्हणाला.